बोलपटाचा अबोल हिरो : मास्टर विठ्ठल

शेवटचा पेपर झाल्यावर रात्री होस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकवा. एका लॅपटॉपभोवती आठजण बसलेले असतात. सिनेमा कोणताही असो, गोष्ट आपल्याला पाठ असते. गावात एक परका माणूस येतो. त्याचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. बोलतो कमी, बघतो जास्त. गावावर एका दांडग्याची सत्ता असते आणि त्या दांडग्याशी या परक्याचा काहीतरी जुना हिशेब असतो. शेवटच्या वीस मिनिटांत हा एकटा सगळ्यांना लोळवतो आणि आला तसा निघून जातो. खर्च बेताचा, हिरोला कपड्यांचा एकच जोड, पण पैसा वसूल! नाद खुळा!

या जातीच्या सिनेमाचं नाव काढलं की आपल्यातले जाणकार लगेच क्लिंट ईस्टवूडवर येतात. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ साली थोड्याशा पैशांत, स्पेनच्या उजाड माळावर 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. ईस्टवूडला त्यात फक्त १५ हजार डॉलर मिळाले होते. गोष्टसुद्धा कुरोसावाच्या 'योजिम्बो' (१९६१) या जपानी सिनेमावरून उचललेली. त्यावरून भांडण झालं आणि भरपाई द्यावी लागली, हेही जाणकार सांगतात.

पण लिओनेच्या तब्बल ३८ वर्षं आधी असला सूडकरी हिरो आपल्या देशात तिकीटबारी गाजवत होता, आणि तो घडला होता आपल्या कोल्हापुरात, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव मास्टर विठ्ठल. लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणायचे. भारताच्या पहिल्या बोलपटाचे नायक तेच. आणि गंमत (की शोकांतिका?) अशी की त्या पहिल्या बोलपटातच त्यांना फारसं बोलू दिलं गेलं नाही. ही गोष्ट आपल्यासारख्या इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांनी जरूर वाचावी अशी आहे.

कोल्हापूरची कंपनी

विठ्ठल लहानपणीच नाटकात आले. राजापूरकर नाटक मंडळीत ते बालनट म्हणून काम करत. त्या काळी नाटकातल्या अशा पोरांना 'मास्टर' म्हणायची पद्धत होती. ते बिरुद त्यांना जन्मभर चिकटलं.

तिथून ते कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आले. ही कंपनी म्हणजे बाबूराव पेंटर यांचा कारखाना. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी या माणसाला तर रोज नमस्कार करायला पाहिजे. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता म्हणून बाबूराव आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. दामल्यांसारख्या शिष्याला हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला आणि त्यावर 'सैरंध्री' (१९२०) हा चित्रपट काढला. डिग्री नाही, लॅब नाही, डेटाशीट नाही! खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे ते याच कामाचं.

या कंपनीत माणूस एकाच कामावर नसे. सेट रंगवणारा कॅमेराही चालवायचा, आणि कॅमेरा चालवणारा वेळ पडली तर दाढी लावून उभा राहायचा. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी माणसं इथेच तयार झाली. विठ्ठल इथे संकलन शिकले, म्हणजे फिल्मचे तुकडे कापणं आणि जोडणं. अधूनमधून लहानसहान कामंही करत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटात ते पडद्यावर आले ते चक्क नाचणाऱ्या बाईच्या वेषात! पुढे तलवार घेऊन दहाजणांना लोळवणाऱ्या हिरोची ही पहिली एंट्री. त्या काळी चांगल्या घरच्या बायका सिनेमात यायला तयार नसत, त्यामुळे नाटकातल्या पोरांना लुगडं नेसावं लागे. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

शारदाचा शिलेदार

१९२५ साली मुंबईत नानुभाई देसाई आणि भोगीलाल दवे यांनी शारदा फिल्म कंपनी काढली. विठ्ठल तिकडे गेले. १९२६ साली 'रतन मंजरी' आला आणि विठ्ठल हिरो झाले. मग चित्रपटामागून चित्रपट. बऱ्याच चित्रपटांत जेबुन्निसा ही त्यांची नायिका असे.

या चित्रपटांना 'स्टंटपट' म्हणत. गोष्टी बऱ्याचदा रजपूत नाहीतर मराठी इतिहासाच्या आणि दंतकथांच्या वळणाच्या. साचा ठरलेला. कुणाचं तरी राज्य कपटाने गेलेलं. खरा वारस वेष पालटून परत येतो. कधी बुरखा, कधी फकिराचा झगा. तटावरून उडी, दोरावरून झोका, घोड्यावरून पाठलाग, आणि शेवटी कपटी दिवाणाचा निकाल. तिकडे हॉलिवूडमध्ये डग्लस फेअरबँक्सने 'द मार्क ऑफ झोरो' (१९२०) मध्ये हेच केलं होतं. आपल्याकडे फेअरबँक्सचं वेड एवढं होतं की जे. बी. एच. वाडियांनी झोरोवरूनच 'दिलेर डाकू' (१९३१) हा मूकपट काढला. याच वाडियांच्या कंपनीने पुढे १९३५ साली 'हंटरवाली' आणून नादियाच्या हातात चाबूक दिला.

शहाण्यासुरत्या लोकांनी स्टंटपटांना कधी मोठं म्हटलं नाही. ते पौराणिक नाहीतर सामाजिक चित्रपटांचं कौतुक करायचे. पण चार आण्याच्या जागेवर बसणारा गिरणीकामगार, हमाल, शाळा चुकवून आलेलं पोरगं, यांचा राजा विठ्ठल होता. त्या काळात सर्वांत जास्त पैसे घेणारा स्टंटनट अशी त्यांची नोंद आहे.

हँडल, फ्रेम आणि उडी

आता थोडी आपल्या अभ्यासाची गोष्ट. घाबरू नका, डेरिव्हेशन नाही.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. साधारण सेकंदाला १६ फ्रेमचा वेग धरला जाई. मारामारीच्या वेळी कॅमेरामन हँडल जरा सावकाश फिरवायचा. समजा सेकंदाला १२ फ्रेम घेतल्या आणि थिएटरात त्या १६ च्या वेगाने दाखवल्या, तर पडद्यावरची हालचाल १६ भागिले १२, म्हणजे १.३३ पट जलद दिसते. तलवार विजेसारखी फिरते, घोडा वाऱ्यासारखा पळतो. एक पैसा जादा खर्च न करता! बाकीचं काम उन्हाचं आणि नटाच्या अंगातल्या रगीचं. संगणकाची करामत तेव्हा नव्हती, अंगाला तारा बांधून नंतर पुसून टाकायची सोय नव्हती. उडी म्हणजे उडी.

आणि भाषा? तिचा प्रश्नच नव्हता. मधे मधे पाट्या यायच्या, त्या दोन-तीन भाषांत लिहिता येत. पडद्यापुढे पेटी-तबलावाला बसलेला असे. त्यामुळे कोल्हापुरात घडलेला नट लाहोरच्या प्रेक्षकालाही आपलाच वाटायचा. विठ्ठलांचं सगळं भांडवल त्यांच्या अंगात होतं. जिभेला काही कामच नव्हतं.

बाँड तोडला!

१९३० च्या सुमारास मुंबईत एकच चर्चा होती, सिनेमा बोलणार! इंपीरियल कंपनीचे अर्देशीर इराणी पहिला बोलपट काढायच्या तयारीला लागले होते. त्यांच्याच गोटातल्या सागर कंपनीने विठ्ठलांना बोलावलं. नायकाच्या कामासाठी मेहबूब खान या तरुणाचाही विचार झाला होता, पण तो नवखा. पैसे लावणाऱ्यांना खात्रीचं नाव पाहिजे होतं, आणि विठ्ठल यांच्याएवढं चालणारं नाव दुसरं कुठलं? (हाच मेहबूब पुढे 'मदर इंडिया'चा दिग्दर्शक झाला!)

अडचण एकच. विठ्ठल शारदाशी कराराने बांधलेले होते. आजच्या भाषेत बाँड! ते करार मोडून निघाले. शारदाने कोर्टात खेचलं. विठ्ठलांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना. होय, तेच, पुढे पाकिस्तानचे कायदे-आझम झालेले. तेव्हा ते मुंबईतले फार मोठे वकील होते. विठ्ठल खटला जिंकले.

एका स्टंटनटाने एवढा मोठा वकील का द्यावा? याचं उत्तर सरळ आहे. येणारी गाडी चुकली तर आपण फलाटावरच राहणार, हे त्यांना कळलं असणार. ज्या माणसाची कमाई आवाजाशिवायच्या सिनेमावर होती, त्यानेच आवाजाच्या सिनेमात पहिलं पाऊल टाकण्यासाठी करार मोडला, कोर्टाची पायरी चढली. याला धाडस म्हणायचं नाही तर कशाला?

१४ मार्च १९३१

गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं असं सांगतात. सिनेमा १२४ मिनिटांचा, त्यात सात गाणी. नायिका झुबेदा, सोबत पृथ्वीराज कपूर.

हा सिनेमा तयार कसा झाला ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. इराणींनी तानार नावाचं ध्वनिमुद्रण यंत्र आणलं होतं. त्यात चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर, एकाच वेळी उतरत. डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता, त्याच्याकडून इराणींनी या कामाची मूळाक्षरं गिरवली. स्टुडिओजवळून रेल्वेचा रूळ जात होता. दिवसा गाडीचा खडखडाट मायक्रोफोनमध्ये शिरायचा. म्हणून गाड्या बंद झाल्यावर, मध्यरात्रीनंतर शूटिंग. मायक्रोफोन सेटवर कुठेतरी दडवलेला असे, आणि नटाने त्याच्या आसपासच बोलायचं.

आता यात स्टंटनटाचं काय झालं बघा. आवाज आला तसा कॅमेऱ्याचा वेग पक्का झाला. हँडल सावकाश फिरवून तलवार जलद करायची सोय संवादाच्या प्रसंगात गेली, कारण तसं केलं तर आवाज चिरका होतो. माईक एका जागी, म्हणून नटही एका जागी. तटावरून उडी मारता मारता बोलणार कसं? आवाज आणि चित्र एकाच पट्टीवर, तेही थोडं पुढेमागे, त्यामुळे मनासारखी काटछाट करणंही अवघड. म्हणजे विठ्ठल ज्या तीन गोष्टींवर उभे होते, वेग, मोकळी जागा आणि कात्री, त्या तिन्ही एका यंत्राने काढून घेतल्या.

वर चौथी अडचण भाषेची. 'आलम आरा' हे मूळचं पारशी रंगभूमीवरचं नाटक, जोसेफ डेव्हिड यांनी लिहिलेलं. संवाद उर्दू वळणाच्या हिंदुस्थानीत. मराठी नाटक कंपनीत आणि कोल्हापुरात वाढलेल्या विठ्ठलांच्या तोंडी ते बसेनात. शेवटी त्यांची भूमिकाच अशी बेतली गेली, की नायक बराच वेळ गुंगीत नाहीतर अर्धवट शुद्धीत पडलेला! देशाच्या पहिल्या बोलपटाचा नायक, आणि त्याच्या तोंडात शब्द नाहीत.

इथे जरा थांबूया

मी आजरा तालुक्यातला. आजरा, गडहिंग्लज, चंदगडकडची पोरं आपल्या होस्टेलवर बरीच आहेत. आमच्या एका बाजूला कर्नाटक, दुसरीकडे आंबोली घाट उतरला की कोकण. आमच्या मराठीत कन्नडचा हेल आणि मालवणीचा ठसका दोन्ही सापडतात. मराठी शाळेत शिकून आलेलं असं एखादं पोरगं वर्कशॉपमध्ये लेथवर सरांना मागे टाकेल. पण कॅम्पससाठी कंपनी आली, ग्रुप डिस्कशनला गोल करून बसवलं, आणि इंग्रजीत विषय दिला की ते गप्प. कामाचं सगळं येतं, पण त्या पंधरा मिनिटांत तोंड उघडत नाही. निकाल लागतो, नाव नसतं, आणि लोक म्हणतात याला काही येत नाही.

विठ्ठलांबद्दल सिनेमाच्या जगात असंच बोललं गेलं. आवाज आला आणि स्टंटवाला संपला, असा सोपा निकाल. पण तो खरा आहे का?

त्यांच्याच काळातल्या सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, मूकपटाची फार मोठी नायिका. त्यांनाही हिंदुस्थानी बोलता येत नव्हतं. त्यांनी वर्षभर काम थांबवलं, भाषा शिकल्या आणि १९३२ च्या 'माधुरी'तून परत आल्या. म्हणजे भाषा ही काही जन्मतःच घेऊन यायची गोष्ट नाही. शिकता येते. मात्र शिकायला एक वर्ष मिळावं लागतं. विठ्ठलांना पहिल्याच बोलपटात, पहिल्याच वेळी, रात्री दोन-तीन वाजता, दडवलेल्या माईकपुढे उभं केलं होतं. सगळं यंत्रच नवं. तयारीला वेळ कुठला?

मग पुढे?

संपले नाहीत! हाच भाग सहसा कुणी सांगत नाही. 'आलम आरा'नंतरही विठ्ठल हिंदी बोलपटांत काम करत राहिले. 'आवारा शहजादा' (१९३३) तर त्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात राजपुत्र आणि भणंग अशी दुहेरी भूमिका शाहू मोडक यांनी केली. दरम्यान आपल्या कोल्हापुरातही सिनेमा बोलायला लागला होता. प्रभात कंपनीने १९३२ साली 'अयोध्येचा राजा' इथेच काढला. मराठी बोलपट सुरू झाले आणि विठ्ठलांना आपली भाषा मिळाली. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांत ते आले, 'नेताजी पालकर' (१९३९) हा त्यातला एक. इथे तलवारही होती आणि बोलायला मराठीही होती. गुंगीत पडायची गरज नव्हती.

नायकाचे दिवस मात्र हळूहळू सरले. वय कुणाला थांबत नाही, आणि उड्या मारणाऱ्याला तर मुळीच नाही. भूमिका लहान होत गेल्या. ज्यांच्या नावावर थिएटर भरायचं ते मास्टर विठ्ठल पुढे किरकोळ कामं करताना दिसू लागले. बघणाऱ्याला वाईट वाटेल. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. नाचणाऱ्या बाईच्या वेषातली एक झलक, इथून ज्याने सुरुवात केली, त्याला लहान कामाची लाज कसली? महाराष्ट्र फिल्म कंपनीची शिकवणच तशी होती. जे काम पुढ्यात येईल ते करायचं. १९६९ साली ते वारले. म्हणजे लिओनेचा परका सूडकरी जगभर गाजत होता तेव्हा आपला जुना सूडकरी अजून हयात होता. दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही, एवढंच.

उरलं काय?

आता कुणी विचारेल, यांचा एखादा सिनेमा दे की, पेन ड्राइव्हवर घेतो. तिथेच खरं दुखणं आहे. 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. मूकपटाच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट बनले, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडले तर बाकी गेले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, भसकन पेट घेणारी. काही आगीत गेली, काही दमट हवेत चिकटून गेली, काही आतली चांदी काढण्यासाठी वितळवली. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर बहुतेक नुकसान होऊन गेलं होतं. त्यातही स्टंटपट म्हणजे हलका माल समजला जायचा. तो जपून ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नसेल. भारी समजल्या गेलेल्या सिनेमांचे निदान फोटो, लेख, परीक्षणं उरली. चार आण्यांच्या प्रेक्षकाने काही लिहून ठेवलं नाही. त्याने फक्त शिट्ट्या मारल्या, आणि शिट्ट्या कुठे साठवता येतात?

म्हणून आज विठ्ठल यांची ती उडी आपण बघू शकत नाही. शारदाच्या पडद्यावर ते जेव्हा पूर्ण शुद्धीत, पूर्ण वेगात होते, ते कसे दिसायचे हे सांगायला कुणी उरलेलं नाही. शिल्लक राहिली ती पहिल्या बोलपटातल्या न बोलणाऱ्या नायकाची गोष्ट. माणसाची ओळख त्याच्या सर्वांत अवघड दिवसावरून ठरावी हे काही बरं नाही. त्यांची नाही, आणि जीडीत गप्प बसलेल्या आपल्या मित्राचीही नाही.

तेव्हा मित्रहो, दोन गोष्टी. तुमच्या पाहुण्यात, गावात, यात्रेतल्या तंबूतला सिनेमा बघितलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि ते जे सांगतील ते वहीत उतरून ठेवा. आणि रूममध्ये भाषेला बिचकणारा कुणी असेल तर त्याला रोज जेवणानंतर अर्धा तास बोलतं करा. चुकू दे, हसू नका. सुलोचनाबाईंना एक वर्ष मिळालं होतं. आपल्याकडे तर चार आहेत!

— एक आजरेकर, तृतीय वर्ष (यंत्र)